अठरा डुकरांची शपथ

राखेचा बुधवार, प्रभूवर्ष १०९३

आज कपाळाला राख लावून घ्यायला अकरा बिशप रांगेत उभे होते आणि अकराही जणांना कालच्या मेजवानीचे ढेकर येत होते. बावीस वर्षं मी वाल्सेऱ्याच्या कॅथीड्रलचा लेखनिक आहे. एवढे बिशप एका छपराखाली कधी पाहिले नव्हते, आणि पुन्हा पाहायची हौसही नाही. चर्चची शुद्धी करायला जमलेत म्हणे. शुद्धी! यांच्या घोड्यांनी दोन दिवसांत अंगणाची जी दशा केली आहे, ती आधी कोणीतरी शुद्ध करा.

परिषदेचे अध्यक्ष रोमहून आलेले पोपचे दूत, कार्डिनल आदेओदातो. वाळकुडा म्हातारा, नाक सतत गळतंय, पाय गारठलेले. आजपासून ईस्टरपर्यंतचा उपवास तेवढा हाच खरा करतो, पण त्याचं श्रेय त्याच्या बिघडलेल्या पोटाला. शेजारी यजमान म्हणून आमचे बिशप ग्वाल्फ्रेदो. पाद्र्यांच्या घरातल्या बायकांमुळे चर्च कसं बाटलं यावर दूत बोलत होते आणि आमचे बिशप अशी मान हलवत होते की टोपी पडते की काय असं वाटलं.

ज्या पाद्र्याच्या घरात बाई आहे, त्यानं दर वर्षी संत मार्टिनच्या सणाला बिशपच्या कोठीत एक पोसलेलं डुक्कर पोचवायचं, ही पद्धत कोणी पाडली? याच ग्वाल्फ्रेदोंनी. डुक्कर पोचलं की बाईबद्दल कोणी ब्र काढत नाही. यादीत त्याला 'मेणबत्तीदान' म्हणतात. यादी मीच लिहितो. वीस पाद्री, वीस डुकरं. मेणबत्ती आजवर एक आलेली नाही.

हे मी चामड्याच्या कातरणांवर लिहितोय. मोठ्या वहीत जे लिहिता येत नाही ते इथं. नाहीतर पोटात सडेल.

शुक्रवार

आज दिवसभर परिषदेनं काय केलं? तर कोणी कुठं बसायचं यावर भांडण. डोंगरापलीकडच्या बिशपांचं म्हणणं, त्यांच्या शहरातल्या संताची हाडं जास्त जुनी, म्हणून त्यांची खुर्ची पुढं. अलीकडच्यांनी स्वतःची हाडं काढली. शेवटी दूत म्हणाले, "मी उभा राहतो, तुम्ही सगळे बसा." तेव्हा कुठं गप्प झाले. लाज वाटून नव्हे. उभं राहावं लागेल म्हणून.

मग हुकूम वाचला. तो वाचताना माझा आवाज बसला, असं लोक सांगतात. मला तसं वाटलं नाही.

ज्या पाद्र्याच्या घरात बायको सापडेल त्याचं चर्च काढून घ्यायचं, घरही. आणि ती बाई त्या भागाच्या बिशपच्या हवाली करायची, त्याच्या शेतावरची दासी म्हणून, जन्मभर. ज्याच्यावर आरोप आहे त्यानं वेदीपुढं शुभवर्तमानावर हात ठेवून सांगायचं, की घरातली बाई ही बायको नव्हे, मोलकरीण आहे. आणि चांगल्या लौकिकाच्या सहा धर्मसेवकांनी शपथ घ्यायची, की याची शपथ खरी आहे. तेवढं झालं की सुटला.

सान वितोचा पाद्री ओर्सो हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. इमिल्दाचं आणि त्याचं लग्न होऊन अठरा वर्षं झाली. तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती. ओर्सो सरळ आहे, म्हणजे बैलासारखा सरळ. हाकलाल तिकडं जाईल असं वाटतं, आणि मधेच फतकल मारून बसतो.

बहिणीला ग्वाल्फ्रेदोच्या शेतावर शेण काढायला पाठवायचं नसेल, तर हे सगळं मलाच निस्तरावं लागणार. दुसऱ्या कोणाला अक्कल आहे?

शनिवार

सकाळी नावेनं सान वितोला गेलो. इमिल्दानं हरभऱ्याचं कालवण आणि जवाची भाकरी पुढं ठेवली. उपवासातसुद्धा तिच्या हाताला चव आहे.

"तर असं आहे," मी म्हणालो. "सहा जण मी गोळा करतो. त्यातला एक मी, लेखनिकही धर्मसेवकच. माझा लौकिक चांगला आहे."

"तुझ्या घरात बाई नाही म्हणून होय?" इमिल्दा म्हणाली. "अरे, तुझ्या तोंडापुढं कोण बाई टिकेल? त्याला लौकिक म्हणतात का?"

ओर्सो हसला. मी हसलो नाही.

"ओर्सो, तुला फक्त दोन वाक्यं म्हणायची आहेत. इमिल्दा माझी बायको नाही. ती घरकामाची बाई आहे. संपलं. संध्याकाळी घरी येऊन तिच्याच हातचं जेव."

"हं," ओर्सो म्हणाला.

"घरकामाची बाई," इमिल्दा म्हणाली. "आणि गिस्ला कोण?"

गिस्ला त्यांची मुलगी. सहा वर्षांची होऊन तापानं गेली. चर्चच्या भिंतीलगत पुरली आहे.

मी तिला नीट समजावून सांगितलं, की गिस्लाची अडचण येणार नाही. लेकरू डोळ्यांसमोर असतं तर दूतांनी विचारलं असतं, हे कोणाचं? म्हणजे या एका बाबतीत, केवळ कायद्याच्या दृष्टीनं, ती नाही हे सोयीचंच आहे.

इमिल्दा उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. कोंबड्या कोंडायच्या असतील. मला निघायची घाई होती. ओर्सो नदीपर्यंत सोबत आला. नाव सुटताना मी ओरडून म्हणालो, "बुधवारी! दोन वाक्यं!" त्यानं हात वर केला. ते 'हो' होतं असं मी धरून चाललोय.

सोमवार

सहा जण शोधायला निघालो होतो, सापडले एकोणीस. कारण एकोणीसही जणांना सहा-सहा हवेत आणि सगळे एकाच खाणावळीत बसलेत. तू माझ्यासाठी घे, मी तुझ्यासाठी घेतो. बाजारात कोंबड्यांचे पाय बांधताना एवढी घासाघीस होत नसेल.

या सगळ्यांचा म्होरक्या लांबेर्तो, कॅथीड्रलमागच्या चर्चचा पाद्री. घरात बायको, तीन मुलं, चौथं वाटेवर.

"तेउझो, तू सगळ्यांसाठी उभा राहा," लांबेर्तो म्हणाला. "तू आणि मी आणि हे चार. दरवेळी नवे सहा कशाला? ज्याची पाळी येईल त्याच्या जागी तेवढा दुसरा."

"वीस जणांसाठी? देवापुढं?"

"मग काय झालं? तुला तर सगळ्यांचाच सारखा तिटकारा आहे. कोणावर अन्याय होणार नाही."

मी नाही म्हणणार होतो. पण मी नाही म्हटलं तर हे चौघं ओर्सोसाठी उभे राहणार नाहीत, हे लांबेर्तोनं भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं. हो म्हणालो. या एकोणीस जणांपैकी एकाचीही मला किंमत वाटत नाही, तर त्यांच्यासाठी घेतलेल्या शपथेची तरी का वाटावी?

हे पुन्हा वाचलं. बरोबर वाटत नाही, पण राहू दे.

मंगळवार

शपथांची तालीम घेतली. आधी आरोपी वेदीपुढं येतो, शपथ घेतो. मग सहा जण एकेक करून पायऱ्या चढतात, शपथ घेतात, उतरतात. मी तर साक्षीही आणि लेखनिकही. म्हणजे प्रत्येक आरोपीमागं मेजावरून उठ, चढ, उतर, बस, लिही. वीस वेळा. माझे गुडघे काय दगडाचे आहेत?

म्हणून मी दूतांना एक सोपी पद्धत सुचवली. आम्ही सहा जण सकाळपासून वेदीपाशीच उभे राहतो, माझं मेजही तिथंच ठेवतो. आरोपीचं नाव पुकारलं की तो पायऱ्या चढेपर्यंत आम्ही एका आवाजात आमची शपथ उरकतो, मग तो त्याची घेतो. क्रम उलटा होतो, पण काम तेच आणि निम्म्या वेळात.

"क्रम उलटा झाला तर चालतं का?" दूतांनी विचारलं.

"काय फरक पडतो?" आमचे बिशप म्हणाले. "शिवाय जेवणातला वाम मासा थंड झाला की चामड्यासारखा लागतो."

दूतांनी गारठलेले पाय एकमेकांवर घासले आणि मान डोलावली. एवढ्या विद्वानांत एका लेखनिकालाच डोकं असावं, याचं मला आता नवल वाटेनासं झालंय.

बुधवार

लिहितो. जसं झालं तसं.

सकाळपासून सगळं तेल घातल्यासारखं चाललं होतं. नाव पुकारायचं, आम्ही सहा जण म्हणायचो, "हा आता जी शपथ घेईल ती खरी आणि निर्मळ आहे अशी आमची शपथ, देव आम्हाला साहाय्य करो." मग तो यायचा, शुभवर्तमानावर हात ठेवायचा, "मोलकरीण," म्हणायचा आणि सुटायचा. लांबेर्तोनं स्वतःच्या वेळी तर डोळ्यांत पाणी आणलं. काय नट आहे! मोलकरणीला चौथा महिना लागलाय आणि याच्या डोळ्यांत पाणी. बिशप मधूनमधून डोळे मिटून प्रार्थना करत होते, किंवा झोपत होते.

सान वितो सगळ्यात लांब, म्हणून ओर्सोचं नाव शेवटी, विसावं. पुकारा झाला. आम्ही सहा जणांनी घोकलेलं म्हणून टाकलं. ओर्सो पायऱ्या चढला. बुटांना नदीचा चिखल. एकच हात ठेवायचा असतो, यानं दोन्ही ठेवले. म्हटलं, आला बैल.

ओर्सो म्हणाला, "मी ओर्सो, सान वितोचा पाद्री, शपथेवर सांगतो. माझ्या घरात राहते ती इमिल्दा माझी बायको आहे. अठरा वर्षांपूर्वी चर्चच्या दारात चारचौघांसमोर मी तिच्याशी लग्न केलं. भिंतीलगत पुरलेली गिस्ला आमच्या दोघांची मुलगी. आणि इमिल्दा माझ्या घरात राहावी म्हणून मी बिशप ग्वाल्फ्रेदोंना दर मार्टिनच्या सणाला एक डुक्कर दिलं. अठरा वर्षं, अठरा डुकरं. देव मला साहाय्य करो."

मी लिहीत होतो. हाताला सवय आहे, तो डोक्याची वाट बघत नाही. 'साहाय्य करो' लिहून झालं तेव्हा कुठं मला कळलं मी काय लिहिलंय.

"अहो, पण आम्ही..." लांबेर्तो पुटपुटला. "आम्ही तर आधीच..."

त्याचं तोंड मी दाबायला हवं होतं. दूतांनी रुमालातून नाक बाहेर काढलं.

"आधीच काय?"

मग आमचे बिशप उठले. लाल झाले होते, पण आवाज लोण्यासारखा. "महाराज, हा खेडवळ माणूस गोंधळला आहे. लेखनिक बिचारा सकाळपासून उभा आहे, त्या वेळी तो लेखणी तासत होता, मी स्वतः पाहिलं. त्याला काही ऐकूच गेलं नसेल. हो ना तेउझो? आपण हे पहिल्यापासून घेऊ. नीट क्रमानं."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. माझी जागा राहिली असती, ओर्सोला बाहेर नेऊन दोन कानाखाली देता आल्या असत्या, सगळं मार्गी लागलं असतं. मी तेच करणार होतो. देवाशपथ, तेच करणार होतो.

पण लेखणी तासत होता! मी! बावीस वर्षांत माझ्या मेजासमोर उच्चारलेला एक शब्द निसटलेला नाही, आणि ज्याला स्वतःचं नाव लिहिताना दोनदा शाई सांडावी लागते, तो अकरा बिशपांपुढं म्हणतो मला ऐकू गेलं नसेल? माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी पान उचललं आणि वाचलं. आमच्या सहा जणांची शपथ, मग ओर्सोची. खणखणीत. गिस्लाचं नावही वाचलं. डुकरांच्या आकड्यावर कोणीतरी मागं फिस्सकन हसलं.

"म्हणजे या माणसाचं म्हणणं खरं आहे, अशी तुम्ही सहा जणांनी शपथ घेतली आहे," दूत म्हणाले.

"हो, महाराज."

"तू सकाळपासून किती शपथा घेतल्यास?"

"वीस."

"त्यातल्या खऱ्या किती?"

ग्वाल्फ्रेदो माझ्याकडं बघत होते. लांबेर्तो जमिनीकडं. ओर्सोचे हात अजून पुस्तकावरच होते.

"एक," मी म्हणालो.

"कोणती?"

"शेवटची."

दूतांनी नाक पुसलं. "हेही लिहून घे," ते म्हणाले.

लिहून घेतलं.

गुरुवार

मी मूर्ख आहे. अभिमानापायी स्वतःचं घर जाळलं. यापेक्षा वेगळं काही कारण असेल असं कोणी म्हणू नये. लांबेर्तो सकाळी भेटला, म्हणाला, "तुझ्यात हिंमत असेल असं वाटलं नव्हतं." मी त्याला सांगितलं, हिंमत कसली गाढवा, राग आला होता. तो विश्वास ठेवायला तयार नाही.

झालं ते असं. एकोणीसही जणांच्या शपथा रद्द, सगळ्यांची चौकशी नव्यानं. ग्वाल्फ्रेदोंना पदावरून बाजूला केलं. निर्दोष असाल तर सहा बिशप उभे करा, ते तुमच्यासाठी शपथ घेतील, असं दूत म्हणाले. आणि काय चमत्कार! दहाही बिशपांना घरून एकाच वेळी निरोप आले. कोणाची आई आजारी, कोणाच्या नदीला पूर. दुपारपर्यंत घोडे कसून झाले. त्या हाडांच्या वयावरून भांडणारे दोघं तर एकाच फाटकातून एकदम बाहेर पडत होते.

खोट्या एकोणीस शपथांबद्दल माझी लेखनिकाची जागा गेली. सात वर्षं दर शुक्रवारी फक्त भाकरी आणि पाणी. ओर्सोचं चर्च गेलं, घर गेलं. रविवारपर्यंत रिकामं करायचं.

इमिल्दाचं काय, हे विचारायला मी दूतांकडं गेलो. पाय शेकत बसले होते.

"हुकुमाप्रमाणे तिला तिथल्या बिशपच्या हवाली करायचं," ते म्हणाले. "पण तिथं सध्या बिशपच नाही. तेव्हा ईस्टरनंतर बघू." मग पाय विस्तवाजवळ सरकवत म्हणाले, "सान वितोहून नदीपलीकडं नाव जाते का रे?"

"जाते की. रोज."

"पलीकडं जमीन कोणाची?"

"दुसऱ्या सरदाराची, महाराज. तिथं आपला हुकूम चालत नाही."

"असं का," म्हणाले आणि डोळे मिटले.

म्हातारा बहुतेक भ्रमिष्ट झालाय. माझ्या बहिणीच्या गळ्याला फास लागलाय आणि हे नावेची चौकशी करतात!

शनिवार

इमिल्दाला हे सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. "तेउझो," म्हणाली, "तुला एवढी भाषा येते, आणि एवढं कळत नाही?" आणि भांडी बांधायला लागली. मग मला कळलं. माझ्या आधी तिला कळलं, हे इथं लिहून ठेवतो.

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, तू त्याचे कान भरलेस, तू त्याला शिकवलंस, दोन वाक्यं म्हणाला असता तर आज सगळे आपापल्या घरात असतो. तिनं हातातली कढई खाली ठेवली.

"मी त्याला काही शिकवलं नाही. तू गेल्यावर त्यानं मला विचारलं, काय म्हणू? मी म्हटलं, गिस्लाची आई कोण ते आठव आणि तुला सुचेल ते म्हण."

मी कोंबड्या टोपलीत कोंबायला मदत केली.

ओर्सोचा चुलतभाऊ पलीकडं पाणचक्की चालवतो. तिथं जायचं. हिशेब लिहायला माणूस लागतो म्हणे, मजुरी म्हणून पीठ मिळेल. मीही निघालो. वाल्सेऱ्यात मला आता कोण विचारणार? निघताना ओर्सो आणि इमिल्दा भिंतीपाशी जाऊन आले. मी कोंबड्या धरून रस्त्यावर थांबलो.

नावेवर एक नवा नावाडी होता. उतारू कोण, कुठले, हे पलीकडच्या चौकीवर सांगावं लागतं. त्यानं ओर्सोला विचारलं, "तुम्ही तिघं कोण?"

"मी ओर्सो," ओर्सो म्हणाला. "ही माझी बायको. आणि हा माझा मेहुणा."

अठरा वर्षांत परक्या माणसापुढं त्यानं मला असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणता आलंच नसतं. नावाडी माझ्याकडं वळला. "खरं का हो?"

"खरं आहे," मी म्हणालो.

"चला मग, बसा," नावाडी म्हणाला. इमिल्दानं सरकून मला जागा करून दिली.